हुरमतबीची पाण्याची बांगडी

हुरमतबी एका जागी स्थिर बसलेली मी पाहिली ती फक्त दुसऱ्या बाईचा हात तिच्या हातात असताना. एरवी ती उभी, नाहीतर चालती. चहा उभ्यानं प्यायची, फुंकर न घालता, आणि बशी खाली टेकायच्या आत दाराबाहेर. 'अवं चाची, बस ना घडीभर,' म्हटलं की म्हणायची, 'बसतो ना व माय, मेल्यावर बसतोच.' मेल्यावर कुणी बसत नाही, आडवं करतात, हे तिला सांगेपर्यंत ती तिसऱ्या घरी पोचलेली असायची.

मी त्या गावात नवी होते. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. मुली शाळेत यायला हव्यात तर मास्तरही बाईच हवी, असं वर कुणीतरी ठरवलं आणि माझी खामगावहून रवानगी झाली मेहकर तालुक्यात, जानेफळपासून दोन कोस आत. नवरा खामगावला पोस्टात. पंधरा दिवसांनी एकदा यायचा, एसटीनं जानेफळ आणि पुढं मिळेल त्या बैलगाडीनं, आणि 'धूळ फार बुवा तुझ्या गावात' असं म्हणून परत जायचा. जणू धूळ मीच पाडली होती! तो गेला की मी दार लावून रडत असे.

अशाच एका दुपारी लोटलेलं दार ढकलून एक उंच, हाडकुळी बाई आत शिरली. डोक्यावर टोपली, लुगड्याचा पदर कानामागं खोचलेला, नाकात चांदीची फुली. ओळख नाही, पाळख नाही. म्हणाली, 'हात दे.'

'मला बांगड्या नकोत,' मी म्हटलं.

'तुले कोन इचारून राह्यलं? मास्तरनीचे हात असे भुंडे. पोरी पाहून काय शिकतीन?'

तिनं माझा हात ओढून घेतला, लोटीतलं पाणी आणि कोनाड्यातला साबण न विचारता उचलला, आणि मग मात्र एकदम शांत झाली. अंगठ्याखालचं हाड असं काही दाबलं की हात मेणासारखा मऊ झाला. एकेक बांगडी कशी चढली ते कळलंसुद्धा नाही. एकही तडकली नाही. 'मनगट थंड पडलं हाये तुहं. रडत होती काय व?' तिनं मान वर न करता विचारलं. बांगड्या भरून झाल्यावर भरणारीला नमस्कार करायचा असतो. हात पुढं करावा की नाही या घोटाळ्यात मी पडले, कारण ती मुसलमान मणियारीण आणि मी शहरात वाढलेली. तर तीच हसली. 'कर ना व बिनघोर. मले नाही, चुड्याले करतं तू.' मी वाकले. सरळ होईस्तोवर टोपली तिच्या डोक्यावर गेलेली होती.

तिचं घर गावातच, नाल्याच्या खालच्या अंगाला. नवरा केव्हाच गेलेला. गफूर नावाचा एकुलता मुलगा दोन एकर वावर कसायचा. पण घर चालायचं ते तिच्या टोपलीवर. सहा-सात गावं ती पायी करायची. जानेफळचा बाजार, कधी हिवरा आश्रमाकडची गर्दी, लग्नसराईत तर पार उंद्रीपर्यंत. नवऱ्यामागं ती स्वतः काचेची बांगडी घालत नसे, पण मणियारणीला कोण विचारतंय? ती चुडा घेऊन येणारी. तिच्या टोपलीला सगळ्या घरांत मान होता.

बांगड्या भरणाऱ्या बाईला गावाचं जे कळतं ते तलाठ्याला कळत नाही. तलाठी जमीन बघतो, ही मनगटं बघायची. एकदा शाळेच्या ओट्यावर पोरींचे हात भरता भरता मला म्हणाली, 'बाई, मी गावच्या सुनाईले अडीचच्या भरल्या होत्या. आता समद्या सव्वादोनवर आल्या. हाडं तेच हायेत, मास गेलं.' अडीच आणि सव्वादोन ही बांगड्यांची मापं. मी म्हटलं, कामानं बारीक झाल्या असतील. ती उसळलीच. 'काम का आता चालू झालं काय? पानी वायलं वागून राह्यलं पानी! माह्या उमेदीत हस्त सरेपर्यंत मी चिखलातून फिरत होतो, पायाची बोटं कुजत होती. आता भादव्यातच पायाखाली फुफाटा उडते. येते तवा असं येते की बांध फोडून जाते, अन् जाते तवा ढुंकून पाहत नाही. जवारी निसवायले आली की पाऊस गायब. इहिरी होळीलेच खडखड.'

म्हातारी माणसं 'कलियुग आलं' म्हणून मोकळी व्हायची. सरपंच म्हणायचे, दोन-चार वर्षं असतंच असं, मग येतो पाऊस वळणावर. हुरमतबी म्हणायची, 'नाही येनार. आपुनच वळनावर या.' तिचं हे म्हणणं कुणी फारसं मनावर घेत नव्हतं, खरं सांगायचं तर मीही नाही.

उंद्रीकडच्या एका खेड्यात तिनं मातीचा बांध पाहिला होता. नाल्याला आडवा घातलेला. पावसाचं पाणी त्याच्यामागं थांबतं, जमिनीत जिरतं, आणि खालच्या विहिरी चैत्रापर्यंत टिकतात. त्या गावात बायका चैत्रात बांगड्या भरतात, हरभऱ्याला एक पाणी देतात, ज्वारी पोटऱ्यात असताना पाऊस गेला तरी हाताला काही लागतं. हे तिनं डोळ्यांनी पाहिलं आणि तिच्या पायांना आणखीच भिंगरी लागली. गफूर तेव्हा अकोल्याच्या मिलमध्ये जायच्या गोष्टी बोलत होता. वावर विकू म्हणत होता. 'पानी थांबलं तर पोरगं थांबन,' ती मला एकदा म्हणाली. मग लगेच, 'माहंच नाही व, समद्याईचे पोरं.'

गावानं बांधासाठी अर्ज केला तेव्हा विकास गटाच्या ऑफिसनं सांगितलं, निम्मं सरकार देईल, निम्मं गावानं उभं करावं. मारुतीच्या देवळापुढं सभा झाली. झकास सभा. पुरुष मंडळी दोन तास बोलली. श्रमदानाचा ठराव झाला, टाळ्या झाल्या, सुपारी कातरली गेली. हुरमतबी पिंपळाच्या पाराजवळ या पायावरून त्या पायावर होत उभी होती. शेवटी राहवलं नाही तिला.

'श्रमदान तुमाले परवडते पाटील, तुमचं पोट भरलेलं हाये. जे रोज कामाले गेल्याबिगर खात नाही ते कसे फुकट माती वाहतीन? त्याईले जवारी द्या. गावानं जवारी जमवा.'

'मंग जमव ना तू!' सरपंच म्हणाले आणि हशा पिकला. 'मनियारीन आता बांध बांधते बापा!'

'जमवतो,' ती म्हणाली. हशा चालूच होता, ती निघूनही गेली.

आता तिनं काय केलं ते ऐका. आमच्याकडे रिवाज असा, की बांगड्या भरून झाल्या की एका हातात एक बांगडी वरची चढवायची. ती मणियारणीकडून फुकट, आशीर्वादाची. दुसऱ्या दिवसापासून हुरमतबीनं ती बांगडी अडवली. सगळ्या भरून झाल्या की शेवटची दोन बोटांत धरून ठेवायची आणि हात सोडायचा नाही.

'हे पान्याची होय. हिचं शेरभर जवारी. बांधाले.'

बाईचा हात तिच्या मुठीत. ओढून घेतला तर भरलेल्या बांगड्या फुटणार, आणि चुडा भरताना फुटलेली बांगडी कोणाला हवी असते? 'हे काय व चाची, हे तं फुकटची असते,' असं म्हणत हसत, चिडत बायका कणगीकडे पाहायच्या आणि सासूची नजर चुकवून शेर ओतायच्या. घरधन्याला विचारायचा प्रश्नच नव्हता, कारण बांगड्या भरण्यात पुरुष तोंड घालत नाहीत. दोन सुगी ती ज्वारी गोळा करत राहिली. शाळेची मागची खोली मी तिला दिली. तीन कणग्या भरल्या, तेव्हा सरपंच येऊन कणग्यांत हात घालून पाहून गेले.

देशमुखीणबाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. गावातलं मोठं घर. त्यांनी नाक मुरडत शेर नाही, चांगली पायलीभर ज्वारी दिली, पण ती सोंडे लागलेली, तळाची. हुरमतबीनं तिथंच ओट्यावर सूप मागितलं. मागितलं म्हणजे आत जाऊन आणलं. पाखडायला लागली. उभ्यानंच. सगळे सोंडे आणि भुसा एका बाजूला काढून तिनं देशमुखीणबाईंच्या पुढ्यात ठेवला. 'दाने बांधाचे. हे जितराब तुमचं, तुमी सांभाळा.' सगळी गल्ली पदर तोंडाला लावून हसली. देशमुखीणबाई लालेलाल झाल्या, पण हातात नवा चुडा आणि समोर गल्ली, करतात काय! आतून चांगली ज्वारी आली. त्यांनी ते मनात ठेवलं मात्र.

चैत्र निम्मा गेला आणि ओव्हरसियर आला. नाल्यावर फिरून त्यानं जागा धरली, जिथं दोन्ही काठ जवळ येतात आणि खाली पक्का खडक आहे तिथं. वरचं अर्धा एकर वावर पाण्याखाली जाणार होतं. ते नामदेवचं. सरपंचांनी नामदेवला विचारलं, तो हो म्हणाला, कागदावर अंगठा दिला. नारळ फोडायचा दिवस ठरला. सकाळी फावडी, टोपल्या, गाढवं, सगळं गाव नाल्यात. मीही शाळा सोडून पोरींना घेऊन गेले होते. बघते तो रेघ मारलेल्या जागेवर एक बाई मांडी घालून बसलेली. पांढुरक्या लुगड्यातली, कपाळ मोकळं, हात मोकळे.

गिरजाबाई. नामदेवची चुलती.

'वावर माहं हाये,' ती म्हणाली. 'मालकाच्या मागं माहं नाव लागलं. नामदेव बटईनं करते फक्त. मले कोनी इचारलं?'

नामदेव खाली बघायला लागला. सरपंचांनी समजावलं, दटावलं, देवाधर्माचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि जागची हलली नाही. ओव्हरसियरनं टेप गुंडाळली. जाता जाता सांगून गेला, आठ दिवसांत काम सुरू झालं नाही तर मंजुरी दुसऱ्या गावाला जाईल, यादीत पुष्कळ गावं आहेत. गावानं फावडी उचलली आणि गिरजाबाईला शिव्या देत परत फिरलं. म्हणे रांडमुंड बाईला पाण्याचं काय, असंही कुणी बोललं. पोरींसमोर. माझं डोकं असं फिरलं होतं!

हुरमतबी मात्र नाल्याच्या काठानं खालीवर, खालीवर चालत राहिली. ऊन चढलं तरी तेच. मी डोक्यावर पदर घेऊन तिच्यामागं. शेवटी थांबली आणि म्हणाली, 'बाई, गावात बांधाले कोनकोनत्या बायाईनं जवारी देली?'

'सगळ्यांनीच.'

'नाही. हिनं नाही देली. म्या मांगतलीच नाही.'

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गावातल्या प्रत्येक दारात जाणारी ही बाई त्या एका दारात कधी गेलीच नव्हती. कशी जाणार? चुड्याची टोपली विधवेच्या ओट्यावर उतरवत नाहीत. त्या दारावरून मणियारणीनं खाली मान घालून, पाय उचलत जायचं, हा शिरस्ता. हे इतकं अंगवळणी पडलेलं, की दोन वर्षं बांगडीवर ज्वारी मागताना एक घर राहून गेलंय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. पुरुषांनी पुतण्याला विचारलं, हिनं बायकांना विचारलं, आणि जिचं वावर ती दोन्हीकडून सुटली. बरं, दुसरं कोणतंही घर सुटलं असतं तर चाललं असतं.

'चल,' हुरमतबी म्हणाली. टोपली नाल्याकाठीच ठेवली आणि रिकाम्या डोक्यानं निघाली.

गिरजाबाई ओट्यावर तूर निवडत होती. बस म्हणाली नाही. हुरमतबी उभीच राहिली, या वेळी नाइलाजानं.

'गिरजा, तुहं अर्ध वावर बुडन, पन उरल्याले पानी राहीन. मी शपथ घेतो.'

'वावराचं काय सांगतं मले? मी का अडाणी हाये? माही बी इहीर कोरडीच हाये.'

'मंग?'

गिरजाबाईनं सूप बाजूला ठेवलं. आवाज चढला नाही तिचा, हेच मला जास्त लागलं. 'माह्या लग्नाचा चुडा तूच भरला होता हुरमत. नव्वी होती तू बी, हात कापत होता तुहा. दोन बांगड्या फोडल्या होत्या. आठवते? मालक गेले त्या दिवसापासून सोळा वर्सं झाले. आठवड्यातून दोनदा तू ह्या गल्लीत येतं. माह्या दारापुढं आली की तुहे पाय भरभर चालते. मी इथी बसून पाहतो ना. मले बांगडी नोको होती व. पन बाई, पानी तं मांगावं एखाद्या डाव. तूबी तं रांडाव, अन् मीबी. तुले समदे दारं उघडे, अन् मले तुहं बी बंद?'

हुरमतबीनं कानामागचा पदर काढून पुन्हा खोचला.

'अर्ध एकर देतो,' गिरजाबाई म्हणाली. 'एक मांगतो. ह्या गल्लीत येशीन तवा पयली टोपली माह्या ओट्यावर उतरव. पानी पे, दोन गोष्टी कर, मंग जाय कुठी जायचं तठी.'

मला वाटलं, बस एवढंच? सुटलो बाई. पण हुरमतबीचा चेहरा उतरला होता.

'पयली?' तिनं विचारलं. 'शेवटची उतरवली तं? सांजच्या पारी येतो ना निवांत. घंटाभर बसतो पाह्यजे तं.'

'पयली.'

'दुसरी?'

'हुरमत, मी बाजार नाही करून राह्यली.'

मग हुरमतबी तशीच वळली, तरातरा नाल्याकडे गेली, टोपली डोक्यावर घेऊन परत आली आणि सगळी गल्ली दारात उभी असताना गिरजाबाईच्या ओट्यावर धप्पदिशी उतरवली. बांगड्या खळखळल्या. 'आन पानी,' ती म्हणाली.

परत येताना माझा संताप मावत नव्हता. मी म्हटलं, हा काय हट्ट, असं अडवून काय मिळवलं तिनं? हुरमतबी चालता चालता माझ्याकडे वळून म्हणाली, 'तिले काऊन बोलतं? चूक माही हाये. समद्याईचे हात धरले, तिचाच नाही धरला.' आणि मग हळूच, 'आता पाह्य तू. टोपली हलकी होते का जड.'

काम तिसऱ्या दिवशी सुरू झालं. वैशाखभर नाल्यात माणसं होती. शाळेच्या मागच्या खोलीतून रोज संध्याकाळी मापानं ज्वारी निघायची आणि मजुरी म्हणून घरोघर जायची. हुरमतबी कुदळीपासून गाढवांपर्यंत सगळीकडे. ओव्हरसियर तिला पाहून दुसऱ्या काठाला जायचा, कारण ती त्याला दर अर्ध्या तासानं विचारायची, 'इथी दबाई बराबर झाली ना सायेब? मंग माह्या पायाले नरम काऊन लागते?' दोनदा तिच्यामुळं माती पुन्हा दाबावी लागली. मृगाच्या आधी बांध उभा राहिला. त्या वर्षी पाऊस तसाच लहरी आला, आठ दिवस कोसळला आणि भादव्यात पाठ फिरवून गेला. पण बांधामागं पाणी थांबलं. गिरजाबाईचं अर्धं वावर बुडलं आणि खालच्या विहिरींना पाझर फुटला. लोक काठावर जाऊन नुसते बघत उभे राहायचे. गफूरनं मिलची गोष्ट काढणं बंद केलं आणि हरभऱ्याला रान तयार करायला घेतलं.

आणि टोपली जड होत गेली. म्हणजे भरून जायची तशीच भरून परत यायची.

पहिल्यांदा देशमुखीणबाईंनी निरोप पाठवला, आमच्याकडे येऊ नको. त्यांना निमित्तच हवं होतं. पण मग नव्या सुनांच्या सासवा कुजबुजायला लागल्या. त्या बाईच्या ओट्यावर उतरलेला चुडा पोरीच्या हातात कसा घालायचा? लग्नघरं आधी सुटली, मग डोहाळजेवणं, मग सणाच्या बांगड्या. मेहकरचा एक मणियार सायकलवरून यायला लागला होता, बायका त्याला हाक मारायच्या. कुणी हुरमतबीला वाईट बोललं नाही. सगळ्या गोड बोलायच्या, बांधाचं गुणगान करायच्या, आणि म्हणायच्या, 'आता नको व चाची, हातात हायेत अजून.' मागल्या दारानं ये म्हणणाऱ्याही दोघी-तिघी निघाल्या. 'टोपली तिकडं उतरवायच्या आधी आमच्याकडं येऊन जाय, कोणाले कळते?' तिनं ते कधी केलं नाही. शब्द दिला होता, तो दिला होता.

मी तिच्या बाजूनं भांडले बरं का. गावच्या विहिरीवर बायकांना सुनावलं. 'तिच्यामुळं तुमच्या घागरी भरतात आणि तिलाच वाळीत टाकता, शरम नाही वाटत?' वर्गात पोरींना शकुन-अपशकुन कसे खोटे असतात ते फळ्यावर लिहून शिकवलं. फार आवेशानं शिकवलं. मोठी शहाणी ना मी.

त्या आश्विनात मला सातवा महिना होता. पहिलटकरीण. ओटीभरणाला सासूबाई खामगावहून आल्या. हिरवा चुडा भरायचा होता. मी म्हटलं, आमची चाची आहे ना. सासूबाई विहिरीवर जाऊन आल्या होत्या, त्यांना सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या, 'त्या बाईची टोपली आधी कुठं उतरते ते ऐकलंय मी. बाकी वेळी तुझं काय ते कर. आत्ता पोटात बाळ आहे.'

मी 'नाही' म्हणू शकले असते. रागावल्या असत्या चार दिवस, इतकंच. मी म्हटलं नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की सासूपुढं काय बोलणार. ते खोटं आहे. मला भीती वाटली होती. फळ्यावर लिहून शिकवणाऱ्या मला, त्या एका गोष्टीला हात लावायची भीती वाटली होती. मेहकरच्या सायकलवाल्याला बोलावलं. त्यानं माझा हात करकचून आवळला, दोन बांगड्या फोडल्या, आणि मी डोळे मिटून बसून राहिले.

दिवाळीच्या सुट्टीत बाळंतपणाला खामगावला जायचं होतं. पुढं बदलीही तिकडंच झाली, त्यामुळं गाव सुटलं ते सुटलंच. जायच्या सकाळी बैलगाडी दाराशी उभी होती, सासूबाई गाठोडी मोजत होत्या. गिरजाबाईच्या गल्लीतून हुरमतबी आली, डोक्यावर गच्च भरलेली टोपली घेऊन. माझ्यासमोर थांबली. मी हात पदराखाली घ्यायच्या आत तिनं तो धरला होता. हिरव्या बांगड्यांवरून तिचा अंगठा एकदा फिरला, अंगठ्याखालच्या काचेनं कापलेल्या जागेवर थोडा थांबला. मला रडायला यायला लागलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

'तुमच्या इहिरीले पानी किती हाये?' तिनं विचारलं.

'काय?'

'पानी व. इहिरीले. किती हात?'

मी त्याच सकाळी परसातल्या विहिरीचं पाणी शेंदलं होतं. म्हटलं, 'पाच हात असेल.'

'पाच!' तिचा चेहरा असा उजळला की बस. 'आश्विन सरत आला अन् पाच हात! गफूर म्हने चारच असन. मी म्हनलं ना, जास्त असन.' माझा हात सोडून ती निघालीसुद्धा. पुढच्या घरासमोर उभी राहून तिनं आतल्या बाईला हाक मारली आणि तिच्या विहिरीचं पाणी विचारलं. त्या घरानंही दसऱ्यापासून तिच्याकडून बांगड्या घेणं सोडलं होतं.